ढोकळ्यावरचे लाल ठिपके

आमच्या शाळेतल्या एका बाईंनी एकदा मधल्या सुट्टीत खमण ढोकळ्याचा डबा उघडला. वड्या छान फुगलेल्या होत्या, पण पिवळ्या रंगावर जागोजागी लालसर तपकिरी ठिपके उठले होते. बाई रागातच होत्या. "हळदीत भेसळ आहे. सकाळी त्या दुकानदाराला चांगलं सुनावून आले आणि अर्धा किलो हळद कचऱ्यात टाकली," असे त्यांनी सांगितले. शिक्षकखोलीतील बहुतेकांनी माना डोलावल्या. हळदीतल्या भेसळीविषयी प्रत्येकाजवळ एखादी तरी गोष्ट होतीच.

मी डब्यातली लिंबाची फोड उचलली आणि एका मोठ्या ठिपक्यावर चार थेंब पिळले. ठिपका बघता बघता पिवळा पडला. दुकानदार निर्दोष होता. तो ठिपका म्हणजे नीट न विरघळलेल्या सोड्याचा एक कण आणि त्याच्या भोवतीची अगदी चांगली हळद, एवढेच होते.

हा प्रसंग इथे सांगण्याचे कारण असे, की मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या घराजवळ अशा अनेक गोष्टी विकत मिळतात, ज्यांची नावे आपल्याला पाठ असतात, पण त्या नेमक्या काय आहेत हे ठाऊक नसते. घाटकोपर, मुलुंड आणि बोरिवली येथे गुजराती व कच्छी वस्ती मोठी. त्यामुळे तिथल्या किराणा दुकानांत लिंबूफूल, पापडखार, संचळ, तकमरिया अशा पुड्या हारीने लावलेल्या असतात. त्याच रस्त्यावर थोडे पुढे गेले की कोकणातील जिन्नसांचे दुकान लागते. तिथे आमसुले, त्रिफळे, कुळथाचे पीठ मिळते. अंधेरीच्या मोठ्या दुकानांत तर जपानी शेवयांपासून सगळे काही मांडलेले असते. शाळेतील प्रयोगशाळेचे कपाट कुलूपबंद असले तरी ही दुकाने रात्री दहापर्यंत उघडी असतात! त्यांतल्या काही जिन्नसांची ओळख या लेखात करून घेऊ. स्वयंपाकात ते कसे वापरावेत हेही पाहू आणि वर्गात त्यांचे काय करता येईल तेही.

हळदीचा स्वभाव

आधी हळद. हळदीचा पिवळा रंग कर्क्युमिन नावाच्या पदार्थामुळे असतो. हा पदार्थ एक नैसर्गिक दर्शक आहे. आम्लात आणि साध्या पाण्यात तो पिवळा राहतो, पण द्रावण पुरेसे आम्लारीधर्मी झाले, म्हणजे सामू साडेसातच्या पुढे सरकून साडेआठच्या आसपास गेला, की लालसर तपकिरी होतो. पुन्हा आम्ल घातले की पुन्हा पिवळा. पांढऱ्या कपड्यावर सांडलेल्या वरणाचा डाग साबण लावताच लाल होतो, तो याच कारणाने. हळदीपासून कुंकू करण्याच्या जुन्या कृतीतही चुना किंवा खार लागतो, तो उगीच नव्हे.

ढोकळ्यातील ठिपक्यांत आणखी एक गंमत दडलेली आहे. खाण्याच्या सोड्याचे द्रावण फारसे तीव्र नसते. त्याचा सामू सुमारे ८.३, म्हणजे हळदीचा रंग बदलण्याच्या अगदी उंबरठ्यावर. पण पिठात सोड्याची गुठळी तशीच राहिली आणि ती वाफेवर तापली, तर तिच्यातून कार्बन डायऑक्साइड व पाणी निघून जाते आणि मागे धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट उरू लागते. हे बरेच तीव्र आम्लारी आहे. म्हणूनच कच्च्या पिठात न दिसणारे ठिपके शिजल्यावर ठळक दिसतात.

वर्गासाठी हळदीचा कागद करणे अगदी सोपे. जखमेसाठी वापरतात त्या स्पिरिटमध्ये चमचाभर हळद ढवळून ठेवावी. वरचे निवळ द्रावण घेऊन त्यात गाळणकागदाच्या पट्ट्या बुडवाव्यात आणि सावलीत वाळवाव्यात. जवळपास ज्योत नको, हे सांगायला नकोच. या पट्ट्या महिनाभर तरी कामाला येतात.

आता भेसळीचेही बोलू, कारण भेसळ होत नाही असे मुळीच नाही. हळदीत मेटॅनिल यलो नावाचा रंग घातलेला सापडतो, आणि त्याहून घातक म्हणजे लेड क्रोमेट. या दुसऱ्या रंगात शिसे असते आणि शिशाचा परिणाम लहान मुलांच्या मेंदूवर होतो. बांगलादेशात लेड क्रोमेट घातलेल्या हळदीचा प्रश्न एवढा गंभीर ठरला, की २०१९ साली तिथल्या सरकारला त्याविरुद्ध मोहीम उघडावी लागली. मुद्दा हा, की यांपैकी कोणतीही भेसळ सोड्याने लाल होण्यावरून ओळखता येत नाही. लाल होते ती हळदच! ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाकून न ढवळता ठेवली, तर चांगली हळद तळाशी बसते आणि पाणी फिके पिवळे राहते. पाणी गडद पिवळे झाले तर पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची शंका घ्यावी. मेटॅनिल यलो तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात गुलाबी-जांभळा होतो. गोंधळ होतो तो इथे, कारण अस्सल हळदही त्या आम्लात क्षणभर तशीच दिसते. मात्र पाणी घातले की हळदीची छटा जाते आणि भेसळीच्या रंगाची टिकून राहते. ही चाचणी शिक्षकांनीच करून दाखवावी. शिसे मात्र घरच्या कोणत्याही युक्तीने सापडत नाही, त्याला प्रयोगशाळाच हवी. अख्खी हळकुंडे आणून दळून घेणे आणि फार झगझगीत रंगाच्या मोहात न पडणे, एवढे आपल्या हातात आहे.

लिंबाशिवाय लिंबूफूल

ढोकळ्यातला दुसरा जिन्नस म्हणजे लिंबूफूल. पांढरे, साखरेसारखे दिसणारे स्फटिक. नावात लिंबूही आहे आणि फूलही, पुडीत मात्र दोन्ही नाहीत. हे आहे सायट्रिक आम्ल. स्वीडनच्या शीले या रसायनशास्त्रज्ञाने १७८४ साली ते लिंबाच्या रसातून स्फटिकरूपात मिळवले. पुढे शंभरावर वर्षे ते लिंबांपासूनच काढले जाई आणि या व्यापारात इटलीचा वरचष्मा होता. १९१७ साली अमेरिकेतील जेम्स करी यांनी दाखवून दिले, की अ‍ॅस्परजिलस नायगर ही काळी बुरशी साखरेच्या द्रावणात वाढवली तर ती भरपूर सायट्रिक आम्ल तयार करते. पावसाळ्यात कांद्याच्या सालीवर जी काळी पूड दिसते, ती या बुरशीच्या नात्यातलीच. १९१९ मध्ये फायझर कंपनीने या पद्धतीने उत्पादन सुरू केले आणि काही वर्षांतच इटलीच्या लिंबांची मक्तेदारी संपली. आज बाजारात मिळणारे जवळजवळ सगळे लिंबूफूल हे बुरशीची करामत आहे. तरीही ते शुद्ध असते. रेणू लिंबातून आला की बुरशीकडून, याने रेणूत काही फरक पडत नाही. (लिंबातले क जीवनसत्त्व आणि सालीचा वास मात्र त्यात नसतो. सरबतात लिंबाऐवजी लिंबूफूल घालणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.)

सायट्रिक आम्ल आणि खाण्याचा सोडा कोरडे एकत्र केले तर काहीही होत नाही. पाणी पडताच मात्र फसफसून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. अपचनावर घेतात त्या इनोच्या पुडीवरील बारीक अक्षरे वाचायला सांगा. तिथे 'स्वर्जिक्षार' आणि 'निंबुकाम्ल' अशी दोन भारदस्त नावे दिसतील. ती म्हणजे हाच सोडा आणि हेच लिंबूफूल. ढोकळ्यात इनो घालणाऱ्या गृहिणी पिठात आम्ल व आम्लारी तयार मापात घालत असतात, एवढेच.

वजनाचा हिशेब केला तर ३ भाग सायट्रिक आम्लाला सुमारे ४ भाग सोडा पुरतो. आपण दोन्ही सारख्याच मापाने घेतले तर थोडे आम्ल शिल्लक राहते, ढोकळा किंचित आंबट लागतो आणि लाल ठिपके पडण्याची शक्यता कमी होते. तेव्हा खमणाची सोपी कृती अशी: वाटीभर बेसन, पाऊण वाटी पाणी, अर्धा चहाचा चमचा लिंबूफूल, मीठ, चमचाभर साखर आणि हळद अगदी नखभर. हे कालवून दहा मिनिटे ठेवावे. कुकरमध्ये पाणी उकळू लागले, की अर्धा चहाचा चमचा सोडा दोन चमचे पाण्यात पूर्ण विरघळवून पिठात ओतावा, एकाच दिशेने भरभर फेटावे आणि लगेच, शिट्टी न लावता, पंधरा मिनिटे वाफवावे. बाईंनी नेमका कोरडा सोडा वरून भुरभुरला होता.

एवढ्याशा सोड्यापासून, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅमपासून, जवळजवळ ७०० मिलिलिटर वायू निघू शकतो. पीठ तर वाटी-दीड वाटीच असते. यावरून बराचसा वायू निसटून जातो हे उघड आहे, आणि 'लगेच वाफवावे' या सूचनेचा अर्थही कळतो. विद्यार्थ्यांना हा हिशेब करायला द्या. मोल ही संकल्पना फळ्यावर कितीही वेळा सांगितली तरी इतकी चटकन पटत नाही.

या अभिक्रियेत आणखी एक अनुभव घेण्यासारखा आहे. स्टीलच्या पेल्यात थोड्या पाण्यात दोन-दोन चमचे लिंबूफूल व सोडा घालून पेला बाहेरून हाताने धरायला सांगा. पेला गार लागतो. अभिक्रिया म्हटली की उष्णता बाहेर पडायचीच, अशी मुलांची समजूत असते. उष्माग्राही अभिक्रियेचे याहून स्वस्त उदाहरण मला माहीत नाही.

आणि घरात पांढरा थर धरलेली पाण्याची किटली असेल, तर तिच्यात पाणी व चमचाभर लिंबूफूल घालून उकळावे. क्षारांचा थर विरघळून जातो. पनीर करायचे असल्यास लिटरभर उकळत्या दुधाला अर्धा चमचा लिंबूफूल, अर्धी वाटी पाण्यात विरघळवून, हळूहळू ओतावे. दूध फाटून हिरवट पाणी सुटले की ओतणे थांबवावे, नाहीतर पनीर आंबट आणि रबरासारखे होते.

पापडखार घरी करता येतो का?

घाटकोपरला सकाळी फाफडा-गाठियाच्या दुकानापुढे उभे राहिले, तर पिठात एक पांढरे पाणी ओतलेले दिसते. ते पापडखाराचे किंवा सोड्याचे असते. पूर्वी हा खार खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या वनस्पतींची राख पाण्यात खळबळून, गाळून व आटवून मिळवत. आज पुडीत मिळतो तो मुख्यतः सोडियम कार्बोनेट आणि थोडा खाण्याचा सोडा यांचे मिश्रण असतो. त्याच्या द्रावणाचा सामू ११च्या आसपास जाऊ शकतो, तेव्हा तो चिमटीनेच वापरायचा. हातावर फार वेळ राहिला तर कातडी चुरचुरते.

खाराने पिठाचे नेमके काय होते? पीठ लवचिक होते, पदार्थ तळताना फुलतो आणि चांगला तांबूस होतो, कारण प्रथिने व शर्करा यांच्यातील ज्या अभिक्रियेमुळे तळलेल्या-भाजलेल्या पदार्थांना रंग व खमंगपणा येतो, ती आम्लारी माध्यमात जलद घडते. गव्हाच्या पिठातील काही रंगहीन द्रव्ये तर खाराने थेट पिवळी होतात. अंधेरीच्या दुकानात जपानी रामेन शेवयांचे पाकीट मिळाले तर त्यावरील घटक पाहा. त्या शेवया पिवळ्या दिसतात म्हणून अंड्याच्या असतील असे अनेकांना वाटते. पुष्कळदा त्यांत अंडे नसते, असतात ती सोडियम व पोटॅशियम यांची कार्बोनेटे. म्हणजे चीन-जपानकडचा पापडखारच म्हणायचा! मेक्सिकोत मका चुन्याच्या निवळीत शिजवतात, तेही याच घराण्यातले तंत्र.

घरी चटकन करता येण्यासारखा पदार्थ म्हणजे खिचू. पापडाच्या उकडीचा हा गुजराती भाऊ. अडीच वाट्या पाण्यात जिरे, ठेचलेली हिरवी मिरची, मीठ आणि पाव चहाचा चमचा पापडखार घालून उकळावे. वाटीभर तांदळाचे पीठ घालून लाटण्याच्या मागच्या टोकाने भरभर घोटावे, झाकून दहा मिनिटे वाफ द्यावी आणि वर कच्चे तेल घालून गरम खावे. खार जास्त झाला तर साबणासारखी चव येते, ती कशानेही जात नाही.

पापडखार जवळ नसेल तर तो करता येतो. हा या लेखातील माझा आवडता प्रयोग. १० ग्रॅम खाण्याचा सोडा मोजून कोरड्या लोखंडी कढईत मंद आचेवर ठेवा. थोड्या वेळाने पूड द्रवासारखी उकळू लागते, तिच्यात लहान लहान खड्डे पडून 'बुडबुडे' फुटतात. पूड वितळलेली नसते. आतून निघणारा वायू व वाफ कणांना उचलून धरत असतात. सुमारे वीस-पंचवीस मिनिटांनी ही हालचाल थांबली की पूड गार करून पुन्हा मोजा. गणिताने उत्तर येते ६.३ ग्रॅम, कारण सोड्याच्या १६८ भागांतून १०६ भाग कार्बोनेट उरते. आमच्या नववीच्या मुलांना पहिल्या खेपेस ६.९ ग्रॅम मिळाले. चूक कुठे झाली यावर अर्धा तास वाद झाला, पुन्हा भाजून पुन्हा वजन झाले आणि आकडा ६.४ वर आला. पुस्तकातले समीकरण कढईत खरे ठरताना पाहिले की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. भाजण्याआधीच्या व नंतरच्या सोड्याचे द्रावण हळदीच्या कागदावर लावून दोन्ही डाग शेजारी ठेवा: पहिला फिका नारिंगी, दुसरा गडद लाल.

एक सावधगिरी. डाळ किंवा चणे लवकर शिजावेत म्हणून अनेकजण चिमूटभर खार किंवा सोडा घालतात. कडधान्य मऊ होते खरे, पण आम्लारी माध्यमात ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते. रक्तदाबाच्या रुग्णांनी सोड्यातले सोडियमही हिशेबात धरायला हवे. आणि कपडे धुण्याचा सोडा रासायनिकदृष्ट्या पापडखाराचा सख्खा भाऊ असला, तरी तो खाण्यासाठी शुद्ध केलेला नसतो. तो कधीही पदार्थात घालू नये.

नाव नसलेल्या पाच पुड्या

ढोकळ्याच्या प्रसंगानंतर बाई त्या दुकानदाराकडे परत गेल्या आणि झाले ते सांगितले. तो हसून म्हणाला, "बेन, हळद लाल झाली म्हणून महिन्यातून दोन-तीन गिऱ्हाइकं भांडतातच. मी परत घेतो. आता लिंबू पिळायला सांगीन." मग त्याने आपलीही अडचण सांगितली. सुट्या मालाच्या पुड्यांवरच्या चिठ्ठ्या पावसाळ्यात गळून पडतात आणि पांढऱ्या पुडीतले काय कोणते हे जिभेवर ठेवूनच ओळखावे लागते. बाईंनी त्याच्याकडून पाच जिन्नस घेतले, चिठ्ठ्या न लावता, नुसते आकडे घालून. मीठ, सोडा, पापडखार, लिंबूफूल आणि कुटलेली तुरटी.

वर्गात नियम एकच: चाखायचे नाही. अनोळखी पांढरी पूड चाखून ओळखण्याची सवय घरोघरी आहे आणि ती मोडायला हवी.

प्रत्येक पूड थोड्या पाण्यात विरघळवून थेंब हळदीच्या कागदावर टाकला. एक डाग तत्काळ गडद लाल झाला, तो पापडखार. एक फिका नारिंगी, तो सोडा. उरलेल्या तिघांनी कागद पिवळाच ठेवला, कारण हळदीला आम्ल आणि उदासीन द्रावण यांत भेद करता येत नाही. आता नुकताच ओळखलेला सोडा कामाला आला. त्याचे द्रावण तिन्ही परीक्षानळ्यांत घातले. एक नळी शांत राहिली, ती मिठाची. दोन फसफसल्या. त्या दोहोंपैकी लिंबूफूल कोणते आणि तुरटी कोणती, इथे वर्ग अडला. एका मुलीच्या लक्षात आले, की एका नळीतले पाणी स्वच्छ आहे आणि दुसरीत पांढरा, भुसभुशीत, जेलीसारखा साका धरला आहे. तो होता अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा. तुरटीने गढूळ पाणी निवळते ते याच साक्यामुळे, मातीचे कण त्यात अडकून तळाशी जातात. जुन्या काळच्या फेसाच्या अग्निशामकातही अ‍ॅल्युमिनियम सल्फेट आणि खाण्याचा सोडा हीच जोडी वापरत. वायूचे बुडबुडे या चिकट साक्यात कोंडले जाऊन दाट फेस होई आणि तो जळत्या तेलावर पसरून राही.

हळदीची उणीव भरून काढायला कोकणच्या दुकानातील आमसूल घ्यावे. रातांबा किंवा कोकमाच्या सालीत जे लाल रंगद्रव्य असते ते अँथोसायनिन वर्गातले. ते आम्लात लाल, उदासीनपणाकडे जांभळट आणि आम्लारीत निळसर-हिरवट होते. रॉबर्ट बॉइल यांनी १६६४ साली रंगांवरील आपल्या ग्रंथात व्हायोलेट फुलांच्या पाकाचे असेच वर्णन केले होते. अडचण एवढीच, की आमसुलाचे पाणी मुळातच आंबट, म्हणजे आधीच लाल. तेव्हा दोन आमसुले भिजवून गाळलेल्या पाण्यात सोड्याचे द्रावण थेंबाथेंबाने घालत जावे आणि रंग जांभळट झाला की थांबावे. आता या पाण्यात लिंबूफूल टाकले तर लाल, पापडखार टाकला तर हिरवट करडे. हे द्रावण टिकत नाही, त्याच तासाला वापरून टाकावे. सोलकढी गुलाबीच का राहते, निळी का होत नाही, हा प्रश्न मुलांना घरी न्यायला द्यावा.

फॅनीबाईंची जेली

चायनाग्रास हा असाच फसव्या नावाचा जिन्नस. हे गवत नसून लाल समुद्रशैवालांपासून मिळणारे अगार आहे. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर अशी शैवाले गोळा केली जातात. दहा ग्रॅम चायनाग्रासच्या काड्या भिजवून लिटरभर पाण्यात किंवा दुधात पूर्ण विरघळेपर्यंत उकळल्या की गार होताना घट्ट जेली तयार होते. प्राणिज जिलेटिन न चालणाऱ्या घरांत, म्हणजे आपल्या उपनगरांतील फार मोठ्या वर्गात, पुडिंगसाठी हेच वापरतात. अननसाची जेली करायची तर चायनाग्रासच बरे, कारण ताज्या अननसातील विकर प्रथिनांचे विघटन करते. जिलेटिन हे प्रथिन असल्याने ते त्यात गोठत नाही. अगार ही शर्करांची लांब साखळी आहे, तिला त्याचे काही वाटत नाही. मात्र आंबट रस अगारबरोबर उकळू नये, आच बंद केल्यावर मिसळावा.

अगारचा विशेष असा, की ते चाळीस अंशांच्या खाली आल्यावर गोठते, पण एकदा गोठले की पुन्हा वितळायला सुमारे ८५ अंश लागतात. जिलेटिनची जेली मे महिन्यात टेबलावर ठेवली तर पाणी होते. नेमकी हीच अडचण १८८१ साली जर्मनीत रॉबर्ट कॉख यांचे सहकारी वॉल्टर हेस यांना भेडसावत होती. जिवाणू वाढवण्यासाठी केलेले जिलेटिनचे माध्यम उन्हाळ्यात वितळत असे, आणि काही जिवाणू तर ते खाऊनच टाकत. हेस यांच्या पत्नी फॅनी प्रयोगशाळेत त्यांना मदत करत. त्यांच्या जेली उन्हाळ्यातही टिकत, कारण जावा बेटावर राहून आलेल्या ओळखीच्या कुटुंबाकडून त्यांनी अगारची कृती घेतली होती. त्यांनी तेच सुचवले. कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाच्या जंतूवरील निबंधात अगारचा उल्लेख केला, पण फॅनी हेस यांचे नाव त्यात नाही. आजही जगभरच्या रोगनिदान प्रयोगशाळांत जंतू वाढवले जातात ते याच स्वयंपाकघरातील जेलीवर. शाळेत अगारची बशी करून दाखवायला हरकत नाही, पण तिच्यात जंतू वाढले तर झाकण उघडू नये आणि टाकण्यापूर्वी बशी प्रेशर कुकरमध्ये पाऊण तास वाफवावी.

शेवटी हिंग. इराण-अफगाणिस्तानाकडील फेरुला वनस्पतींच्या मुळांतून निघणारा हा डीक आपण शतकानुशतके आयात करत आलो. भारतात लागवडीचा प्रयत्न म्हणून हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात क्वारिंग गावी पहिले रोप लावले गेले ते १५ ऑक्टोबर २०२० रोजी, पालमपूरच्या संस्थेकडून. शुद्ध हिंग इतका उग्र असतो, की आपल्या डब्यांत येतो तो बांधणीचा: पीठ आणि डिंक मिसळलेला. त्याच्या पुडीवर आयोडीनचा थेंब टाकला की निळा-काळा रंग येतो आणि वर्गात लगेच ओरड होते, "सर, भेसळ!" पुन्हा तोच प्रकार. बांधणीच्या हिंगात पिष्ट असणारच, ते डबीवर छापलेले असते. कायद्याची अट मद्यार्कात विरघळणाऱ्या अंशाची आहे, तो निदान ५ टक्के असावा लागतो.

पण ते पीठ कशाचे, हे काहींच्या बाबतीत फार महत्त्वाचे ठरते. आमच्या आठवीत एक मुलगा होता. त्याला गव्हातील ग्लूटेन हे प्रथिन चालत नसे, त्याने आतड्याच्या अस्तराला इजा होते. आईने पोळी, पाव, रवा, बिस्किटे सगळे बंद केले होते. आहारतज्ज्ञाने दिलेल्या यादीत 'हिंग' हा शब्द पाहून त्या चक्रावल्या, कारण आमटीच्या फोडणीत तो रोज पडत होता. आयोडीन इथे काही सांगू शकत नाही, तांदळाचे पिष्टही तितकेच निळे होते. त्या घाटकोपरच्या दुकानात गेल्या तेव्हा दुकानदाराने फळीवरच्या डब्या एकेक करून उलट्या केल्या, चष्मा लावून बारीक अक्षरे वाचली आणि चौथ्या डबीपाशी थांबून म्हणाला, "ही घ्या. हिच्यात तांदळाचं पीठ आहे."